बेरियमचा प्रबंध

माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं ते ज्या प्रबंधामुळे, त्याचा विषय होता चेतापेशीतल्या कॅल्शियमच्या वाटा. त्या उघडतात कशा आणि मिटतात कशा. प्रबंध चांगला जाडजूड आहे, कापडी बांधणीचा, पाठीवर सोनेरी अक्षरं. आणि त्यातल्या एकाही प्रयोगात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, भांड्यात कॅल्शियम नाही. दुधावर प्रबंध लिहायचा आणि म्हशीचं तोंड पाहायचं नाही, असला हा प्रकार. ऐकणाऱ्याला हसू येतं. माझं अजून डोकं फिरतं.

आमची संस्था पिंपरीच्या औद्योगिक वसाहतीत होती. शहरात जागा महाग, म्हणून कुणा दानशूर कारखानदाराने दिलेल्या तुकड्यावर इमारत बांधली, आणि बांधताना शेजारी काय चालतं हे कुणी पाहिलं नाही. भिंतीला लागूनच पत्रा कापायचे पॉवर प्रेस होते. ठोका पडला की टेबलावरची बशी वाजायची. माझं काम होतं काचेच्या सुयांचं. काचेची नळी तापवून ओढली की तिचं टोक इतकं बारीक होतं की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ते टोक जिवंत पेशीत अलगद घालायचं आणि पेशीतली वीज मोजायची. तेवढ्यात प्रेसचा ठोका पडला की सुई बाहेर, पेशी फुकट, सकाळपासूनची मेहनत पाण्यात. आम्ही टेबलाखाली स्कूटरच्या हवा भरलेल्या ट्यूब घातल्या, वाळूच्या पोत्यांवर फरशी टाकली. फरक बेताचाच पडला. शेवटी मी गुरुवार धरला. आमच्याकडे कंपन्यांना गुरुवारी सुट्टी असायची, त्या दिवशी प्रेस बंद. बाकी आठवडा द्रावणं करायची, सुया ओढायच्या, आणि खरं काम गुरुवारी.

घरी याचा वैताग होता. आम्ही दापोडीला रेल्वेलाइनच्या अलीकडच्या गल्लीत राहायचो. वडील एका कारखान्यात लेथवर होते. त्यांचा आणि सगळ्या गल्लीचा रविवार गुरुवारीच यायचा. मटण गुरुवारी, पाहुणे गुरुवारी, लग्नाची बोलणी गुरुवारी. मला बघायला आलेली एक मंडळी मी घरात नाही म्हणून चहा पिऊन परत गेली. त्याचं मला दुःख झालं नाही, आईला मात्र बरेच दिवस पुरलं.

प्रयोगाला लागायच्या गोगलगायी. गोगलगाईच्या मेंदूतल्या पेशी मोठ्या असतात, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक वेगळी ओळखू येते, त्यामुळे असल्या कामाला तिच्यासारखी सोय नाही. त्या मी दापोडीच्या मागे नदीकाठच्या दगडांवरून आणायची. झाकणाला भोकं पाडलेला डबा घेऊन मी निघाले की धुणं धुणाऱ्या बाया विचारायच्या, आज काय भाव लावला गं. संस्थेत मी येण्याआधी गोगलगायी कुठून तरी लांबून मागवायचे आणि त्यातल्या निम्म्या वाटेत मरायच्या. माझ्या डब्यातल्या ताज्या, टवटवीत. सगळी प्रयोगशाळा त्याच वापरायला लागली. सर खूष होते.

सर म्हणजे माझे मार्गदर्शक. परदेशात शिकून आलेले, आवाज मऊ, शर्टाची इस्त्री मोडलेली मी कधी पाहिली नाही. सगळ्यांना अहो-जाहो करायचे, मला "बाई" म्हणायचे. त्यांनी तिकडून येताना एक पद्धत आणली होती आणि ती आमच्याकडे देवपूजेसारखी पाळली जायची. कॅल्शियमच्या वाटेतून नेमकं किती कॅल्शियम आत शिरतं ते मोजायला अवघड. म्हणून पेशी ठेवतो त्या भांड्यात कॅल्शियम ठेवायचंच नाही, त्याच्या जागी बेरियम घालायचं. बेरियम त्याच वाटेने आत जातं, जास्त जातं, आणि पडद्यावर विजेची रेघ कशी उंच आणि सपाट येते. दिसायला देखणी. सरांचे सगळे लेख बेरियमवरचे. मी पहिल्याच वर्षी विचारलं होतं की सर, जिवंत गोगलगाईच्या अंगात बेरियम कुठे असतं? त्यावर ते हसले आणि म्हणाले, आधी शिका, मग शंका काढा.

मग एकदा बेरियमची बाटली संपली. बाहेरून मागवायची ती, परवान्यासकट, म्हणजे महिनोन्महिने वाट पाहणं. गुरुवार तर हातचे चालले होते. मी कपाटातलं साधं देशी कॅल्शियम क्लोराइड काढलं, द्रावण केलं आणि पेशीवर सोडलं. रेघ उंच चढली आणि लगेच उतरायला लागली. वाट उघडली आणि आपोआप मिटत गेली. मला वाटलं पेशी मेली. दुसरी घेतली. तेच. तिसरीला तेच.

पुढचे कित्येक गुरुवार मी याच एका गोष्टीमागे लागले. बेरियम आल्यावर एकाच पेशीवर आधी कॅल्शियम सोडलं, मग बेरियम, मग परत कॅल्शियम. कॅल्शियम असलं की रेघ पडते, बेरियम असलं की टिकते, कॅल्शियम परत आणलं की पुन्हा पडते. मेलेली पेशी असा शहाणपणा करत नाही. मग सुईतून पेशीच्या आत एक रसायन सोडलं, जे आत आलेल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, मोकळं फिरू देत नाही. आता रेघ पडायची ती हळू, नाखुषीने. म्हणजे वाट मिटवत होतं ते आत शिरलेलं कॅल्शियमच. आमच्या मार्गावरच्या बसमध्ये जो आत्ताच कसाबसा आत शिरलेला असतो तोच दारातून ओरडतो, आता जागा नाही. तसं काहीतरी. बेरियमला ते ओरडणं जमत नव्हतं, आणि आम्ही वर्षानुवर्षं बेरियमच घालत असल्यामुळे ते आम्हाला कधी ऐकू आलं नव्हतं. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं आणि एकटीच हसले.

सरांना पडद्यावरच्या रेघांचे फोटो दाखवले. त्यांनी ते एकदा पाहिले आणि माझ्याकडे परत सरकवले. पेशी मरताहेत, म्हणाले. मी बेरियमने परत उठलेली रेघ दाखवली. ते म्हणाले, मग गोगलगायीच रोगट असतील. "तुमच्याकडच्या पाण्यातल्या ना त्या. त्यांच्याकडून आणखी काय अपेक्षा करायची."

तुमच्याकडच्या हा शब्द मी शाळेपासून ओळखते. तो म्हणताना माणूस गोगलगाईकडे बघत नाही. बेरियममध्ये देखण्या रेघा येत होत्या तोवर याच नदीतल्या, याच डब्यातल्या गोगलगायी सगळ्यांना चालत होत्या. सरांचा मागचा आख्खा लेख माझ्या गोगलगायींवर उभा होता, तेव्हा पाण्याचा वास कुणाला आला नव्हता. मी हे सगळं त्यांच्या तोंडावर बोलायला हवं होतं असं कुणी आज म्हणेल. म्हणणाऱ्याने मार्गदर्शकाच्या सहीवर पाच-सहा वर्षं काढून बघावीत. मी एवढंच विचारलं की कुठलं पाणी चालेल. ते म्हणाले, स्वच्छ.

वडिलांबरोबर काम करणारे एक गृहस्थ कुरुळीचे होते. तेव्हा कुरुळीत कंपन्या नव्हत्या, कांद्याची शेतं होती. त्यांच्या विहिरीत पायऱ्यांना शेवाळ आणि शेवाळात गोगलगायी. मी एसटीने गेले. त्यांची म्हातारी आई काठावर बसून मी काय करते ते बघत होती.

"खायला व्हय गं?"

मी म्हटलं, नाही आजी, यांच्या मेंदूचा अभ्यास करतेय.

"गोगलगाईला मेंदू अस्तुय व्हय," ती म्हणाली, आणि मग थोड्या वेळाने, "आसंल. आपल्याला इचारून थोडाच ठिवलाय."

कुरुळीच्या विहिरीचं पाणी मी स्वतः प्यायले होते, इतकं स्वच्छ. त्या गोगलगायींतही रेघ तशीच पडली, दापोडीच्या रेघेवर ठेवली तर ओळखू येऊ नये अशी. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी मांडले. सर म्हणाले, मग प्रश्न हाताचा आहे. सगळ्यांच्याच हाताला ही कला नसते.

तेव्हा मात्र माझा तोल सुटला. मी म्हटलं, तर मग सर, या गुरुवारी तुम्हीच करून बघा. खोलीत इतर विद्यार्थी होते. त्यांच्यासमोर नाही म्हणणं सरांना जमलं नाही.

ते गुरुवारी आले. सुई हातात धरून त्यांना वर्षं झाली होती हे मला आणि त्यांना दोघांनाही ठाऊक होतं. त्यांनी काही सुया मोडल्या. प्रेस बंद होते, कुणाला दोष द्यायला जागा नव्हती. शेवटी ते खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, घाला तुम्ही. मी घातली. द्रावणाच्या तोट्या मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने फिरवल्या. कॅल्शियम, रेघ पडली. बेरियम, टिकली. कॅल्शियम, पडली. त्यांनी तोट्या बंद केल्या. मग मऊ आवाजात म्हणाले की इंटरेस्टिंग आहे, सगळे फोटो माझ्याकडे द्या, आणि पक्कं होईपर्यंत बाहेर कुणाकडे बोलू नका.

मी दिले. मला वाटलं, मानलं त्यांनी. घरी जाऊन वडिलांना सांगितलं की माझं काम पक्कं झालं, आता छापून येणार. वडिलांना त्यातलं काय कळलं असेल ते असो, छापून येणार हे कळलं.

छापून आलं. परदेशातून छापील प्रतींचं पुडकं आलं आणि सरांनी स्वतः त्यातली एक मला दिली, हसतमुखाने. वर एकच नाव होतं, सरांचं. आत माझे फोटो, एकूण एक. कुरुळीच्या विहिरीतली ती पेशी, दापोडीची ती जुनी पेशी, सगळ्या. सर म्हणाले, शेवटी बघा, तुमचंही नाव आहे. मी शेवटचं पान उलटलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं की गोगलगायी पुरवल्याबद्दल कुमारी अमुक यांचे आभार.

मी विचारलं, सर, हे काम माझं आहे ना? त्यांना राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. विचार प्रयोगशाळेचा, यंत्रं प्रयोगशाळेची. "हात तुमचे होते, मान्य. पण बाई, हातांची नावं लेखावर येत नसतात." आणि आता हे प्रसिद्ध झालं आहे, तर तुमच्या प्रबंधात ते नवीन म्हणून घालता येणार नाही. तुम्ही बेरियमचं सगळं लिहून काढा, तेवढ्यावर पदवी मिळते, मी सही करतो.

संचालकांकडे गेले. त्यांनी पंखा वाढवला, पाणी मागवलं आणि घरातलं घरात मिटवा म्हणून सांगितलं. कुणाचं घर, हे मी विचारलं नाही. दुसरा मार्गदर्शक शोधायचा तर त्या विषयाचं आसपास कुणीच नव्हतं, आणि होते ते सरांचे मित्र. माझं आख्खं काम एका माणसाच्या खिशात गेलं होतं आणि तो माणूस मला दरवाजा धरून उभा होता, या बाई, या.

वाईट वाटलं ते पुढच्याचं. वडिलांना ती प्रत सापडली. त्यांना इंग्रजी अक्षरं लागायची, माझं नाव त्यांनी बोट फिरवत शोधून काढलं. "हाय की तुझं नाव," ते म्हणाले आणि प्रत पिशवीत घालून कारखान्यात घेऊन गेले. कँटीनमध्ये फिरवली. माझी लेक परदेशात छापून आली म्हणाले. त्या ओळीत काय लिहिलंय हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. माझ्या रागात सगळ्यात कडू जे आहे ते हे आहे. माझं काम चोरलं त्याचं मी कसंबसं पचवलं असतं. पण त्यांनी फेकलेला तुकडा माझ्या बापाने डोक्यावर मिरवला.

मी बेरियमचा प्रबंध लिहिला. सरांनी सही केली.

तोंडी परीक्षा पुण्यात, विद्यापीठात झाली. बाहेरच्या राज्यातून एक वयस्क परीक्षक आले होते, बोलणं इंग्रजीतून चाललं होतं. ते प्रामाणिक गृहस्थ असावेत, कारण त्यांनी पहिलाच प्रश्न तो विचारला जो मी पहिल्या वर्षी विचारला होता. कॅल्शियमच्या वाटेवर प्रबंध आहे, तर कॅल्शियम कुठे आहे? मी तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, ती बाजू मी स्वतंत्रपणे तपासली आहे, आणि बॅगेतून लेख काढून त्यांच्यापुढे ठेवला. परीक्षकांनी तो सावकाश चाळला. मान डोलावली. काम फार सुंदर आहे म्हणाले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुमच्या मार्गदर्शकांचं हे काम तुम्ही नीट वाचायला हवं होतं."

खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली, ती अजून ऐकू येते.

"वाचलंय," मी म्हटलं. "वाचायच्या आधी केलंय. यातला कुठलाही फोटो निवडा आणि तो कसा आला हे आधी यांना विचारा, मग मला विचारा."

सर म्हणाले, बाई दमल्या आहेत. परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं आणि रेघेला इथे हा छोटा खड्डा का, असं विचारलं. विचारलं सरांना. सरांनी घसा साफ केला आणि यंत्रातले असे गोंधळ असतात, असं काहीतरी सांगितलं. मग परीक्षकांनी मला विचारलं. मी सांगितलं की तिथे सुईतून रसायन सोडताना दाब जरा जास्त झाला, पेशी हलली, आणि तिचा नंतरचा फोटो काढायला मी थांबले म्हणून माझी शेवटची बस चुकली. पुढच्या फोटोचं विचारलं, तेही सांगितलं. कुठली पेशी नदीतली, कुठली विहिरीतली. हे बराच वेळ चाललं. त्यानंतर सरांना कुणी काही विचारलं नाही. सर म्हणाले, चहा मागवू या का.

चहा आला. पदवी मिळाली. परीक्षकांनी सही केली आणि जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाले की तुम्ही म्हणता ते खरं दिसतं, पण यापुढे जपून बोला, नोकरीला यांचीच शिफारस लागेल. चांगला माणूस होता. त्याच्या चांगुलपणाची मजल एवढीच गेली. लेख आहे तसाच राहिला, आजही तसाच आहे, आणि शिफारस मला कधी मिळाली नाही.

वडील रजा टाकून आले होते. जिन्याखाली उभे होते, धुतलेला सदरा, हातात दोऱ्याने बांधलेला पेढ्यांचा पुडा. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की झालं. ते काही बोलणार तोच वरून सर आणि परीक्षक उतरत आले. वडिलांनी चपला नीट केल्या, घाईघाईने दोरा सोडला आणि पुडा उघडून पुढे झाले. साहेब म्हटल्यावर वाकायची त्यांच्या पाठीला सवय होती, आणि मुलगी पास झाली की पहिला पेढा गुरूला, ही आमच्याकडची रीत. सरांनी हसून हात पुढे केला.

मी वडिलांचं मनगट धरलं.

"दादा, त्यांना नाही."

"अगं, गुरू हायेत तुझं. पयला मान त्यांचा."

"त्यांना नाही," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याने.

सरांचा हात तसाच पुढे होता. वडिलांनी त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. उभ्या जन्मात त्यांनी साहेबापुढे केलेली वस्तू मागे घेतली नव्हती. का, हे त्यांनी मला विचारलं नाही. त्यांनी पुड्याचं झाकण लावलं, दोरा परत गुंडाळला, गाठ मारली, आणि सरांकडे न बघता म्हणाले, "चल. दापोडीची गाडी सुटंल."